खानदेशची सहल : काय पाहावें आणि कसें पाहावें

सहल म्हटली कीं घरांतील मंडळींच्या मनांत तीन गोष्टी उभ्या राहतात : जुनीं देवळें व किल्ले, समुद्रकिनारा आणि रानांतील पशुपक्षी. जळगांव व धुळें या जिल्ह्यांना समुद्र नाहीं. तथापि त्यांना तापी आहे. मध्यप्रदेशांतील मुलताई येथें उगम पावून ही नदी पश्चिमेकडे ७२४ किलोमीटर वाहत जाते व सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर व पश्चिमेस सह्याद्रि, यांच्यामध्यें तिचें जें सखल, काळ्या मातीचें खोरें आहे तोच खानदेश. उत्तरेंतून दक्षिणेंत उतरणाऱ्या आणि सुरत बंदराकडे जाणाऱ्या वाटा या खोऱ्यांतूनच गेल्या. वाटेवरच्या मुलखाचें एक दुर्दैव असतें : येणारे-जाणारे पुष्कळ, थांबणारे थोडे. आजहि मुंबई-आग्रा मार्गावरील मोटारी धुळ्यावरून धांवत पुढें जातात, आणि अजिंठ्यास निघालेले पाहुणे जळगांवच्या स्थानकावर उतरून थेट लेण्यांची वाट धरतात.

म्हणून येथें येणाऱ्या कुटुंबानें काय पाहावें, याबरोबरच कसें पाहावें, हेंहि ठरवून निघालें पाहिजे. चार दिवसांची सवड, एक मोटारगाडी आणि मुलांच्या हातीं एक कोरी वही, एवढी सामग्री पुरे. दिवाळीनंतरचा थंडीचा काळ उत्तम. वैशाखांतील येथील ऊन बाहेरच्या माणसास सोसणारें नाहीं.

पहिला मुक्काम चाळीसगांवीं करावा. तेथून सुमारे १८ किलोमीटरांवर, डोंगराच्या कुशींत पाटण आहे. चंडिकादेवीच्या देवळामुळें लोक त्यास पाटणादेवी म्हणतात. भोंवतालच्या रानाचें गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ सालीं जाहीर झालें. येथील प्रसिद्ध शिलालेख इ. स. १२०७ चा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारीं ज्योतिषी होता. 'सिद्धांतशिरोमणि' आदि आजोबांच्या ग्रंथांचें अध्यापन चालावें म्हणून त्यानें येथें मठ स्थापिला, व स्थानिक निकुंभ राजानें त्यास उत्पन्न लावून दिलें, असें त्यांत नमूद आहे. लेखाचा शेवटचा भाग तत्कालीन मराठींत आहे. एकोणिसाव्या शतकांत डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीं हा लेख उजेडांत आणला. मठ गेला, शिष्य गेले. परंतु कोणीतरी दगडावर नीट कोरून ठेवलें, म्हणूनच गणिताची ती शाळा आज ठाऊक आहे. मुलांच्या वहींतील पहिली नोंद या शाळेची असावी.

पाटणाहून धुळ्यास यावें. शहराच्या दक्षिणेस महामार्गालगत लळिंगचा किल्ला आहे. तो चढून खालच्या रस्त्याकडे पाहिलें, म्हणजे किल्ला नेमका येथेंच कां बांधला, हें मुलांना निराळें सांगावें लागत नाहीं. शहरांत राजवाडे संशोधन मंडळ अवश्य पाहावें. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं गांवोगांव पायपीट करून जुनीं दप्तरें मिळविलीं आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचे २२ खंड सिद्ध केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच त्यांचें निधन झालें, व त्यांच्या स्मरणार्थ १९२७ सालीं हें मंडळ निघालें. याच शहरांतील समर्थ वाग्देवता मंदिरांत शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमानें जमलेलीं रामदासी हस्तलिखितें आहेत. वाळवीच्या तोंडीं जाणारा कागद कोणीं वेळींच उचलला, तरच इतिहास उरतो, हा येथला धडा.

धुळ्याच्या उत्तरेस, शिरपूर तालुक्यांत, तापीकांठीं थाळनेर आहे. फारुकी घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा याचें हें ठाणें. १३८२ पासून, १६०१ सालीं अकबरानें असीरगड घेईपर्यंत, या घराण्यानें खानदेशावर राज्य केलें. पुढें त्याची राजधानी बऱ्हाणपुरास गेली. थाळनेरास कबरी व किल्ल्याचे अवशेष तेवढे राहिले. समुद्राची हौस असलेल्या मुलांना सायंकाळीं येथें नदीकांठीं बसवावें, आणि समोरचें पाणी उकाईच्या धरणावरून सुरतेस व तेथून समुद्रास कसें जातें, तें नकाशावर दाखवावें.

दुसऱ्या दिवशीं सातपुड्याच्या पायथ्यानें चोपडा व यावल करीत पाल गांठावें. यावल अभयारण्य १९६९ सालचें असून त्याचा विस्तार सुमारे १७५ चौरस किलोमीटर आहे. या सागवानी रानाशीं रानपिंगळ्याची विलक्षण कथा निगडित आहे. रानपिंगळा हें घुबडाच्या कुळांतील लहानसें पाखरूं. परंतु तें दिवसाउजेडीं शिकार करतें. ह्यूम या पक्षितज्ज्ञानें १८७३ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. खानदेशांतील सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनीं त्याचे कांहीं नमुने मिळविले. त्यांतील शेवटचा १८८४ चा. पुढें कर्नल माइनर्टझागेन यांनीं १९१४ सालीं गुजरातेंत मांडवी येथें तो मिळाल्याची नोंद केली, आणि शोधणारे त्या नोंदीवर विसंबून राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीनें तो नमुना तपासला, तेव्हां तो संग्रहालयांतून चोरलेला डेव्हिडसन यांचाच नमुना असून त्यावर खोटी चिठ्ठी बांधली आहे, असें उघडकीस आलें. खोटी नोंद बाजूस सारून, जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारें तिनें सहकाऱ्यांसह शोध घेतला, व नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळ तो पक्षी जिवंत दिसला. शहादें तेव्हां धुळें जिल्ह्यांत होतें. १ जुलै १९९८ पासून तें नंदुरबार जिल्ह्यांत आहे. पुढें यावलच्या रानांतहि तो आढळला.

११३ वर्षें हरवलेला जीव खऱ्या नोंदीनें परत मिळाला. परंतु त्याचें घरटें जुन्या झाडांच्या ढोलींत असतें. तीं झाडें तुटलीं, तर कितीहि खरी चिठ्ठी त्याला परत आणूं शकणार नाहीं. म्हणून वनखात्याची परवानगी घ्यावी, भोंगा वाजवूं नये, घरट्याजवळ जाऊं नये. पक्षी न दिसला तरी तें रान पाहिलें, हेंच पुष्कळ.

परततांना रावेरकडच्या केळीच्या बागांतून तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेवास जावें. हे चांगदेव योगी. पाटणचा ज्योतिषी चांगदेव निराळा, हें मुलांना समजावून द्यावें. शेवटीं जळगांवीं कळण्याची भाकरी व वांग्याचें भरीत यांचा समाचार घेऊन जवळच्या आसोद्यास जावें. तेथें १८८० सालीं बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांच्या मुखांतील ओव्या पुत्र सोपानदेव व आप्तांनीं वेळोवेळीं उतरून घेतल्या. बहिणाबाई १९५१ सालीं निवर्तल्या, आणि १९५२ सालीं तीं गाणीं पुस्तकरूपानें महाराष्ट्रास मिळालीं. ती वही नसती, तर तीं गाणीं त्यांच्याबरोबरच गेलीं असतीं.

पाटणचा दगड, धुळ्याचीं दप्तरें, रानपिंगळ्याची चिठ्ठी व सोपानदेवांची वही यांत एकच सूत्र आहे. म्हणून मुलांनीं रोज रात्रीं आपल्या वहींत तारीख, गांव, काय पाहिलें आणि कोणीं सांगितलें, हें लिहावें. ऐकलेलें ऐकलेलें म्हणून व पाहिलेलें पाहिलेलें म्हणूनच लिहावें. न पाहिलेलें पाहिलें असें मात्र कधींहि लिहूं नये.