पोलीस भरती : पात्रतेतील अलिखित अट

पोलीस शिपाई होण्यासाठी काय लागते, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यातला अठरा वर्षांचा मुलगा न अडखळता सांगू शकतो. बारावी उत्तीर्ण असावे. वय १८ ते २८ या दरम्यान असावे. मागासवर्गीयांना ३३ पर्यंत मुभा. पुरुषाची उंची किमान १६५ सेंटिमीटर, छाती न फुगविता ७९ सेंटिमीटर आणि फुगविल्यावर पाच सेंटिमीटर अधिक. स्त्रीची उंची किमान १५५ सेंटिमीटर. उमेदवार महाराष्ट्राचा रहिवासी असावा आणि त्याचे चारित्र्य पडताळणीत उतरावे. त्यानंतर ५० गुणांची मैदानी चाचणी. तीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर धावणे व गोळाफेक. मैदानात निम्मे गुण मिळविणाऱ्यांतून एका जागेस दहा या प्रमाणात लेखी परीक्षेला बोलावणे येते, आणि ती १०० गुणांची परीक्षा अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन व मराठी व्याकरण यांची असते.

या अटींत गैर असे फारसे काही नाही. कायद्याचे रक्षण करणाऱ्याच्या अंगी बळ असावे आणि त्याला लिहिता-वाचता यावे, ही अपेक्षा रास्तच आहे. नियमात नसलेली, तरीही बाकीच्या सर्व अटींहून कठोर ठरणारी अट मात्र वेगळीच आहे. उमेदवाराला वाट पाहणे परवडले पाहिजे, ही ती अट होय.

अलीकडच्या जाहिरातींच्या तारखा पाहिल्या म्हणजे याची प्रचीती येते. सप्टेंबर २०१९ मध्ये जाहिरात निघाली; मध्ये करोनाची साथ आली आणि लेखी परीक्षा झाली २०२१ मध्ये. पुढची जाहिरात नोव्हेंबर २०२२ ची, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळानंतरची. त्यानंतरची मार्च २०२४ ची आणि तिच्याही नंतर अर्ज घेण्यास सुरुवात झाली ती ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस. ज्या खुल्या प्रवर्गातील मुलाने २०१९ साली पंचविशी गाठली होती, त्याची अठ्ठाविशी या पहिल्या दोन जाहिरातींच्या दरम्यानच सरत आली. वयाची मर्यादा उमेदवाराला लागू. जाहिरातीला मात्र कोणतीच मर्यादा नाही. हा अन्याय शासनालाही जाणवत असला पाहिजे. एरवी २०२२ साली आणि पुन्हा ऑगस्ट २०२५ मध्ये वय उलटलेल्यांसाठी ‘एक वेळची विशेष बाब’ म्हणून सवलत द्यावी लागली नसती. विशेष बाब वारंवार करावी लागते, तेव्हा दोष नियमातच आहे असे समजावे.

काळाप्रमाणे नियमही स्थिर राहिलेले नाहीत. २०१८ च्या भरतीपर्यंत मैदानी चाचणी १०० गुणांची होती व तीत लांब उडीसारखे प्रकार होते. २०१९ च्या दुरुस्तीने ती ५० गुणांवर आली आणि लेखी परीक्षा आधी घेण्याचे ठरले. २०२२ च्या दुरुस्तीने पुन्हा मैदान आधी आणि लेखी नंतर असा क्रम आला. दोन वर्षे पुस्तकावर भर दिलेल्या मुलाने एकाएकी पायांवर भर द्यावा, ही अपेक्षा कागदावर क्षुल्लक दिसते. घरच्या खर्चात ती क्षुल्लक नसते.

हा खर्च कोणाला पेलतो, हे पाहण्यास अहिल्यानगरसारखा दुसरा जिल्हा नाही. १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्राचा हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा, पण त्याचे अर्थकारण एकजिनसी नाही. गोदावरी, प्रवरा व मुळेच्या पाण्यावर राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरीचा ऊस उभा राहिला; सहकारी साखर कारखानदारीचा पाया १९५० च्या सुमारास प्रवरानगरलाच घातला गेला. उलट पाथर्डी, जामखेडसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतून कोयता घेऊन बाहेर पडणारी कुटुंबे दरसाल हंगामाला जातात. एकाच जिल्ह्यात ऊस पिकविणारा आहे आणि ऊस तोडणाराही आहे. भरतीच्या रांगेत या दोघांची मुले शेजारी-शेजारी उभी राहतात, त्यांच्या छातीला एकच फीत लागते आणि म्हणून संधी समान आहे असे आपण समजतो. वस्तुतः बागायतदाराचा मुलगा जाहिरातीची चार वर्षे वाट पाहू शकतो. अकादमीचे शुल्क, खानावळ, बूट, सकाळचे दूध आणि अंडी यांची तजवीज त्याच्या घरी होऊ शकते. ऊसतोड कामगाराचा मुलगा पहिल्या अपयशानंतर कर्ज काढतो आणि दुसऱ्या अपयशानंतर कोयता उचलतो, किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार होतो. दोघांच्या गुणवत्तेत फरक असेलच असे नाही. ताकदीतला फरक मात्र निश्चित असतो, आणि तो पायांचा नसून घरच्या पैशाचा असतो.

तरीही ही मुले रांग का सोडत नाहीत? २०२४ च्या भरतीत राज्यात १७ हजार ४७१ जागा होत्या आणि अर्ज आले सुमारे १७ लाख ७६ हजार. एकाची निवड व्हावी आणि शंभरजण घरी परतावेत, असे हे प्रमाण. तरुणांना गणित कळत नाही, असा याचा अर्थ नव्हे. जॉन हॅरिस व मायकेल टोडारो या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली दाखवून दिले की, बेकारी समोर दिसत असतानाही माणसे शहराकडे धावतात, कारण ती केवळ मिळण्याची शक्यता मोजत नाहीत; मिळाले तर किती मिळेल, हेही मोजतात. सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० रुपयांपासून सुरू होते, भत्ते वेगळे आणि नोकरी कायम. कंत्राटी कामाशी याची तुलना केली तर शंभरांत एक ही शक्यतादेखील मोहक वाटते. त्यातच पलटणीची परंपरा असलेल्या या जिल्ह्यात लष्कराची वाटही अरुंद झाली. जून २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची आहे आणि त्यानंतर पुढे कायम होणाऱ्यांचे प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत आहे. ज्यांना कायमची वर्दी हवी, त्यांना पोलीस दलाची वाट अधिक जवळची वाटू लागली, तर नवल नाही.

मुलींच्या बाबतीत अलिखित अट आणखी कडक होते. स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत आणि त्यामुळे पहाटेच्या रस्त्यावर धावणाऱ्या मुली आज खेडोपाडी दिसतात; हा बदल स्वागतार्हच आहे. परंतु नियमाने मुलीला २८ वर्षांपर्यंत मुभा दिली तरी घर तितकी मुभा देत नाही. जाहिरात एक वर्ष लांबली की मुलाचा एक प्रयत्न वाया जातो. मुलीचे लग्न ठरते आणि प्रयत्नांचीच समाप्ती होते.

चारित्र्य पडताळणीचाही या प्रतीक्षेशी संबंध आहे. रिकाम्या वर्षांत गावातील भांडण म्हणा, रास्ता रोको म्हणा, कोठेतरी नाव गोवले जाते. अवतारसिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले की, उमेदवाराने माहिती खरी द्यावी, पण क्षुल्लक स्वरूपाच्या प्रकरणांत नियुक्ती अधिकाऱ्याने तारतम्य वापरावे. हे तारतम्याचे तत्त्व मुलांना कोणी समजावून सांगत नाही. भीतीपोटी ती माहिती दडवितात, आणि मूळ गुन्ह्यापेक्षा दडविणेच त्यांना भोवते.

यावर असे म्हटले जाते की, भरती तिजोरीच्या स्थितीवर, आरक्षणाच्या निवाड्यांवर आणि प्रशिक्षण केंद्रांतील जागांवर अवलंबून असते. ती दरवर्षी नेमाने कशी व्हावी? या अडचणी खऱ्या आहेत. परंतु पोलीस कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो आणि त्याची जन्मतारीख पहिल्या दिवसापासून सेवापुस्तकात नोंदलेली असते. पाच वर्षांनी जिल्ह्यात किती जागा निवृत्तीने रिकाम्या होतील, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही, एक कारकून पुरतो. चार वर्षांच्या जागा साठवून एकदम मोठी भरती करण्यापेक्षा दरवर्षी तिचा चौथा हिस्सा भरणे प्रशिक्षण केंद्रांनाही सोयीचे आणि तिजोरीलाही झेपणारे आहे.

तेव्हा मागणी नवीन सवलतीची नाही, नियमिततेची आहे. भरतीचा महिना ठरलेला असावा. परीक्षेचे स्वरूप बदलायचे तर त्याची सूचना निदान एक वर्ष आधी द्यावी. वयाची मोजणी रिकाम्या झालेल्या जागेच्या वर्षापासून व्हावी, म्हणजे विलंबाचा भुर्दंड विलंब करणाऱ्याकडे राहील. उंची, सपाट पाय, गुडघ्यांतील दोष अशा न बदलणाऱ्या बाबींची तपासणी महाविद्यालयातच, बारावीच्या वर्षी, शासकीय रुग्णालयामार्फत विनामूल्य व्हावी. जो मुलगा एक सेंटिमीटरने कमी पडणार आहे, त्याला ते अठराव्या वर्षी कळावे. पाच वर्षे धावून झाल्यावर नव्हे.

धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ च्या आपल्या पहिल्याच अहवालात शिपायाच्या प्रश्नाला अग्रस्थान दिले आणि त्याला कुशल कामगाराच्या तोडीचे वेतन मिळावे, असे सुचविले. शिपाई हा हुकमाचा ताबेदार नसून विवेकाने निर्णय घेणारा माणूस आहे, ही त्यामागची दृष्टी होती. असा माणूस निवडायचा तर निवडीची चाळणी गुणांची असली पाहिजे. सध्या तिच्यातून गुणांबरोबर घरची ऐपतही चाळली जाते. पाथर्डीच्या माळावर धावणारी मुले रांगेत पुढे उभे करा, असे म्हणत नाहीत. रांग केव्हा सुरू होईल, एवढेच त्यांना सांगायला हवे, आणि ते सांगणे शासनाच्या हातात आहे.