जॅक उचलतो, धरून ठेवत नाही

गाडीखाली शिरून काम करताना अपघात कशामुळे होतो, असं विचारलं तर बरेच जण सांगतात, जॅक हलका पडला असेल. म्हणजे जॅक दणकट घेतला की प्रश्न मिटला. सगळ्यात घातक गैरसमज हाच. नऊशे किलोची स्विफ्ट तीन टनी हायड्रॉलिक जॅकवर उचलली, तरी तिच्याखाली शिरायचं नसतं. हायड्रॉलिक जॅकवर गाडी तेलाच्या दाबावर उभी असते आणि ते तेल अडवून धरतात एक रबरी सील आणि एक छोटा व्हॉल्व्ह. सील झिजलं, व्हॉल्व्हमध्ये कचऱ्याचा कण अडकला किंवा कुणाच्या धक्क्याने व्हॉल्व्हची खिटी फिरली, की गाडी खाली येते. कधी तासाभरात बोटभर उतरते, कधी एका क्षणात सगळी. डिकीतल्या कात्री जॅकमध्ये तेल नसतं, पण त्याची बैठक एवढी लहान असते की गाडी जराशी आडवी सरकली तरी तो कलंडतो. तो रस्त्यात चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका, असं गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं. ते पान फारसं कुणी उघडत नाही एवढंच.

गाडीखाली ठेवायच्या जॅक स्टँडचं काम वेगळं. त्यात ना तेल, ना फिरणारा स्क्रू. दांड्याच्या दात्यात खिटी बसते किंवा भोकात पिन जाते आणि सगळं वजन पोलादातून थेट जमिनीत उतरतं. म्हणून जॅकने उचलायचं, स्टँडवर टेकवायचं, मगच खाली शिरायचं. दोन मिनिटांचं काम असलं तरी हाच क्रम, कारण सील फुटायला दोन मिनिटं लागत नाहीत.

‘हँडब्रेक ओढलाय, गाडी गिअरमध्ये आहे, मग ती जाणार कुठे?’ हा प्रश्न जाणकार माणसंही विचारतात, म्हणून जरा सविस्तर बघू. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. गाडीची मागची दोन्ही चाकं उचलली, की ओढलेला हँडब्रेक हवेतली चाकं धरून बसतो आणि जमिनीवरची पुढची चाकं मोकळी राहतात. स्विफ्टसारख्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे तिथे निदान गिअर थोडा आधार देतो. बोलेरो किंवा इनोव्हा क्रिस्टामध्ये ताकद मागच्या चाकांना जाते. तिची मागची चाकं उचलली की हँडब्रेकही गेला आणि गिअरही गेला.

इंजिनाची ताकद जाणाऱ्या चाकांपैकी एकच उचललं तर? तिथे डिफरन्शियल आडवं येतं. वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरता यावं म्हणून ते बसवलेलं असतं. गिअरमुळे त्याचं बाहेरचं घर अडकतं, पण आतली जोडी एकमेकींच्या उलट फिरायला मोकळीच असते. जमिनीवरचं चाक पुढे सरकतं, हवेतलं तेवढंच मागे फिरतं आणि निव्वळ गिअरच्या भरवशावर ठेवलेली गाडी चालू लागते. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’वर ठेवली तरी गणित तेच. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून पाचर लावायलाच हवी. रस्त्याकडेचा गोल दगड त्या कामाचा नाही; तो चाकाबरोबर घरंगळतो. लाकडाची तिरपी कापलेली पाचर किंवा रबरी गुटका हवा.

ट्रॉली जॅकच्या चाकांनाही काही जण मोठ्या काळजीने गुटका लावतात. तिथे मात्र तो नको. गाडी उचलताना जॅकचा हात कमानीत वर जातो, म्हणजे त्याचं टोक थोडं आडवंही सरकतं. त्यासाठी जॅकच्या चाकांना गडगडता आलं पाहिजे. ती पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकली, तर सरकायचं काम गाडीला करावं लागतं किंवा टेकू जागेवरून घसरतो. गाडी उचलताना खाली वाकून जॅकची चाकं बघा, ती इंच-दोन इंच पुढे जाताना दिसली पाहिजेत.

जमिनीबद्दलही आपण बेफिकीर असतो. स्टँडचे पाय पातळ कडांचे असतात आणि पाव गाडीचं वजन त्या कडांवर येतं. विदर्भातल्या मे महिन्यात डांबर मऊ पडतं, पावसाळ्यात अंगणातली माती दबते, सोसायटीतले पेव्हर ब्लॉक खालून पोकळ झालेले असतात. वरून घट्ट दिसणारा स्टँड अर्ध्या तासात एका बाजूला कलतो. सपाट काँक्रीट सगळ्यात चांगलं. ते नसेल तर प्रत्येक स्टँडखाली जाड प्लायवूडचा चौकोन टाकावा. उतारावर हे काम करूच नये.

‘स्टँड नसला तर विटा रचू, सिमेंटचा ब्लॉक लावू.’ इमारत ज्यावर उभी राहते ते गाडी का पेलणार नाही, असा हा हिशेब. पण भिंतीत वजन सारखं पसरलेलं असतं; गाडीच्या खालची कड एका रेषेत टेकते. वीट, पोकळ ब्लॉक, सिपोरेक्स हे सगळे ठिसूळ. ते वाकून इशारा देत नाहीत, थेट फुटतात.

स्टँड आणला म्हणजे त्याच्यावर डोळे मिटून विसंबावं, असंही नाही. अमेरिकेत 2020 मध्ये हार्बर फ्रेट या कंपनीने पिट्सबर्ग नावाने विकलेले 3 आणि 6 टनी स्टँड परत मागवले, संख्या सतरा लाखांच्या आसपास. कारखान्यातले साचे झिजल्यामुळे काही स्टँडमध्ये खिटी दात्यात पुरेशी बसत नव्हती आणि वजनाखाली सुटू शकत होती. बदली म्हणून दिलेल्या काही स्टँडच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला आणि त्याच वर्षी तेही परत मागवावे लागले. म्हणून गाडी टेकवण्याआधी प्रत्येक स्टँडशी बसून बघा: खिटी दात्याच्या मुळाशी पोचली का, हँडल पूर्ण खाली गेलं का, जोडाला बारीक चीर नाही ना. पिनवाल्या स्टँडची पिन हरवली, तर तिच्या जागी बोल्ट किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नका. लेबलवरची क्षमता एका स्टँडची की जोडीची, हेही वाचा; उत्पादक दोन्ही पद्धतींनी लिहितात.

टेकू कुठे द्यायचा ते पुस्तिकेतल्या आकृतीत असतं. स्विफ्टसारख्या गाडीत दाराखालच्या पत्र्याच्या कडेला दोन खाचा असतात, जागा त्यांच्या मधली. इंजिनाचं ऑइल चेंबर, गिअरबॉक्स किंवा फ्लोअरचा पत्रा नाही. विजेवरच्या गाडीत फ्लोअरखाली बॅटरी असते, तिथे चूक महागात पडते.

गाडी स्टँडवर आली की तिला बाजूने चांगली ढकलून बघा. ‘उगाच कशाला हलवायची, पडेल’ असं म्हणणारे भेटतात. पडायचीच असेल तर खाली कुणी नसताना पडू दे. मग काढलेलं चाक किंवा स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवा आणि जॅकही हलकासा टेकवून तसाच ठेवा. गॅरेजमध्ये खाली शिरतो तो बहुतेक वेळा सगळ्यात लहान हेल्पर असतो आणि ‘स्टँड लावा’ असं मालकाला सांगायची त्याची हिंमत होत नाही. चांगल्या स्टँडची जोडी काही हजारांत मिळते. ती घेणं आणि लावायला लावणं ही मालकाची जबाबदारी, त्या पोराची नव्हे.

एक शेवटचा गैरसमज: सुट्टीच्या दुपारी एकट्याने निवांत काम करावं. गाडी छातीवर बसली की हाड मोडायच्याही आधी श्वास थांबतो, कारण छाती फुगायला जागाच उरत नाही. ओरडता येत नाही आणि मेंदूला प्राणवायूविना तग धरायला चारपाच मिनिटंच मिळतात. म्हणून हाकेच्या अंतरावर कुणीतरी हवं आणि जॅक कुठे लावून कसा उचलायचा, हे त्याला आधी दाखवलेलं हवं. अपघात झालाच तर पाय धरून ओढायचं नाही. आधी जॅकने गाडी वर घ्यायची, लगेच खाली चाक किंवा स्टँड सरकवायचा, मग माणूस बाहेर काढायचा आणि दुसऱ्याने तोवर 112 किंवा 108 लावायचा. बाहेर आल्यावर तो नीट बोलत असला तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच. आतला रक्तस्राव वरून दिसत नाही.