बसवणे सोपे, काढणे हिशेबाचे

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे. अशा जुन्या संस्थांच्या कपाटातल्या एखाद्या पानाचा फोटो काढला, तरी संगणकाच्या लेखी ते नुसते चित्र असते. त्यात शब्द शोधता येत नाही. चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करून देणारा ‘टेसरॅक्ट’ हा मोफत प्रोग्रॅम आहे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत तो १९८५ ते १९९४ या काळात घडला आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्याला मराठीही वाचता येते. उबुंटू किंवा डेबियन लिनक्स असेल, तर टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची: ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-मार’.

मागितली दोनच पॅकेजे, म्हणजे प्रोग्रॅमचे तयार गठ्ठे, पण समोर बरीच मोठी यादी येऊ शकते. टेसरॅक्टला चित्रे हाताळायला ‘लेप्टोनिका’ लागते. लेप्टोनिकाला जेपेग, पीएनजी, टिफ ही चित्रे उघडणाऱ्या लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना वापरता येणारे तयार कोड, लागतात. या गरजांना ‘डिपेंडन्सी’ म्हणतात. कोणाला कोणती आवृत्ती चालते आणि कोणाचे कोणाशी पटत नाही, हे पॅकेजे बसवणारे-काढणारे साधन ‘ॲप्ट’ आपल्या सूचीवरून ताडते. उतरवलेल्या पॅकेजचा ‘शा-२५६’ ठसा डेबियनच्या किंवा उबुंटूच्या डिजिटल सहीने प्रमाणित झालेल्या सूचीशी जुळला, तरच काम पुढे सरकते. मग ‘डीपीकेजी’ फाइली जागच्या जागी ठेवते आणि कोणती फाइल कोणत्या पॅकेजची, याची नोंद करते.

ही जुळवाजुळव दिसते तितकी साधी नाही. शक्यता इतक्या वाढू शकतात, की हा प्रश्न संगणकशास्त्रातल्या अत्यंत अवघड, ‘एनपी-कंप्लीट’ वर्गात मोडतो, हे युरोपातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियनमध्ये ‘ॲप्ट’ १९९९ च्या आवृत्तीत आले. त्याआधी यातला बराच ताप वापरणाऱ्यालाच सोसावा लागे.

खरी कसोटी मात्र काढताना लागते. डोंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीतून एक बिऱ्हाड गेले, म्हणून गच्चीवरची पाण्याची टाकी कोणी फोडत नाही. जेपेग लायब्ररीचेही तसेच. टेसरॅक्ट गेला तरी फोटो दाखवणारा प्रोग्रॅम तिच्यावरच चालतो. म्हणून ‘ॲप्ट रिमूव्ह’ फक्त सांगितलेले पॅकेज आणि त्याच्यावर विसंबलेली पॅकेजे काढते. सेटिंगच्या फाइली मागे राहतात. ‘एटीसी’ फोल्डरमधल्या अशा फाइलीही नको असतील, तर ‘पर्ज’ वापरायचे. कोणते पॅकेज आपण मागितले आणि कोणते गरजेपोटी आले, याचीही नोंद असते. गरजेपोटी आलेले पण आता कोणालाच नको असलेले पॅकेज ‘ऑटोरिमूव्ह’ काढून टाकते.

हिशेब संगणक करतो, पण होकार माणसाचा लागतो. २०२१ मध्ये कॅनडातले यूट्यूबर लायनस सबॅस्टियन ‘पॉप ओएस’ या लिनक्सवर गेम खेळण्यासाठीचा ‘स्टीम’ हा प्रोग्रॅम बसवायला गेले. त्या वेळच्या एका दोषामुळे ‘ॲप्ट’ने काढायच्या पॅकेजांत सगळा डेस्कटॉपच धरला. तसा इशाराही दिला आणि ‘येस, डू ॲज आय से!’ हे पूर्ण वाक्य टाइप करायला लावले. त्यांनी ते केले आणि डेस्कटॉप गायब झाला.

पवईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प लिनक्सचे छोटे ध्वनिचित्र-पाठ मराठीतही देतो. ठाणे-कल्याणच्या विद्यार्थ्याला सुरुवात करायला ते पुरेसे आहेत. सरावासाठी ‘ॲप्ट -एस रिमूव्ह’ लिहून पुढे पॅकेजचे नाव द्यावे. ‘-एस’मुळे काहीही न काढता फक्त काय काय जाईल ते दिसते. ती यादी समजली, की मगच ‘-एस’ काढून आणि सुरुवातीला ‘सुडो’ लावून खरी आज्ञा द्यावी.