विवाहविधी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली असलेल्या आणि कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेल्या मुरुमसारख्या गावी, जेथे एका मांडवात भटजींनी होम पेटवावा आणि दुसऱ्यात लिंगायतांच्या जंगम पुरोहितांच्या हस्ते विवाह लागावा, तेथेसुद्धा ‘खरा’ विवाहविधी एकच असून तो अनादिकालापासून अबाधित चालत आला आहे, अशी समजूत दृढ असते. आणि त्यात यत्किंचित फेरफार करू पाहणाऱ्या वधूवरांवर धर्मलोपाचा ठपका येतो.

गैरसमज : सप्तपदी म्हणजे अग्नीभोवतीचे सात फेरे.
वस्तुस्थिती : आश्वलायन गृह्यसूत्रात अग्निप्रदक्षिणा व सप्तपदी हे पृथक् विधी आहेत. सप्तपदीत वर वधूस ईशान्येकडे सात पावले चालवितो. अन्न, बल, संपत्ती, सुख, संतती व ऋतू यांसाठी सहा, आणि सातवे सख्यासाठी.

गैरसमज : मंगळसूत्रावाचून विवाह अपुरा.
वस्तुस्थिती : पाणिग्रहण, लाजाहोम, अश्मारोहण यांचे सविस्तर विधान करणाऱ्या प्रमुख गृह्यसूत्रांत मंगळसूत्राचा निर्देशच नाही, तो रिवाज मागाहून रूढ झाला, आणि कायद्यानेही त्याची सक्ती केलेली नाही.

गैरसमज : होम आणि सप्तपदी नसेल, तर विवाह बेकायदा.
वस्तुस्थिती : १९५५ चा हिंदू विवाह कायदा वीरशैव व लिंगायतांनाही नामनिर्देशपूर्वक लागू आहे, आणि त्याच्या सातव्या कलमान्वये वधू किंवा वर यांपैकी कोणत्याही पक्षाच्या रूढीप्रमाणे झालेला विधी ग्राह्य ठरतो, ज्या रूढीत सप्तपदी आहे, तेथेच सातव्या पावलाशी विवाह पूर्ण होतो. पुरोहितावाचून लग्न लावण्याचा पायंडा तर सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजीच पाडला.

गैरसमज : नोंदणीचा दाखला मिळाला की विधी नसला तरी चालेल.
वस्तुस्थिती : १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली अधिकाऱ्यासमोर लग्न करणाऱ्यांस धार्मिक विधीची गरज नाही, परंतु १९५५ च्या कायद्याखाली विधीच झाला नसेल, तर निव्वळ दाखल्याने विवाह सिद्ध होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली दिला.

जनपदांचे व ग्रामांचे आचार नानाविध असतात आणि विवाहात तेच पाळावेत, असे आश्वलायनच सांगतो. तेव्हा मराठीत मंगलाष्टके म्हणविणे, कन्यादान वगळणे किंवा दोन्ही घरांचे विधी एकत्र करणे यांस धर्मलोप म्हणण्याचे कारण नाही. मात्र आपल्या रूढीचा गाभा कोणता, हे दोन्ही घरांनी आधी ठरवावे, तो प्रत्यक्ष पार पाडावा आणि मगच नोंदणीच्या दफ्तरी जावे.