सोनेरी महालातला चुना

पहाडसिंगपुऱ्यातल्या सोनेरी महालात शिरलं की नजर आधी सोनं शोधते. ते चित्रांच्या पुसट खुणांमध्ये उरलं आहे, आणि त्या चित्रांवरूनच महालाला हे नाव पडलं असं सांगतात. मला मात्र चित्रांमागची भिंत जास्त मोलाची वाटते.

औरंगजेबाबरोबर दख्खनेत आलेल्या बुंदेला सरदाराने, पहाडसिंहाने, सतराव्या शतकाच्या मध्यावर हा दुमजली वाडा डोंगराच्या पायथ्याशी बांधला. तुलनाच करायची तर, इंग्लंडमधले जमीनदार पुढे 1714 ते 1830 या जॉर्जियन काळात गावाबाहेर प्रशस्त घरं बांधत. त्यांच्या मोठ्या काचेच्या खिडक्या थंड देशात उजेड आत घेत, आणि ऊब देई ती खोल्याखोल्यांतली शेगडी. इथे गरज नेमकी उलटी होती. ऊन बाहेर थोपवायचं होतं.

वाड्याच्या बांधणीची सुरुवात जोत्यापासून होते. हे जोतं चांगलंच उंच आहे. पावसाळ्यात उतारावरून येणारं पाणी त्यामुळे भिंतीपासून दूर राहतं आणि जमिनीतली ओल वर चढायला अंतर मिळतं. वर जाड दगडी भिंती. असा दगड हळू तापतो. दुपारची धग आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि वारा सुटलेला असतो.

दगडाला दगड धरून ठेवतो तो चुना. चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंशांवर भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी टाकलं की तो फसफसून, वाफा सोडत विरतो. मग वाळू घालून घाणीत मळतात. भिंतीत बसल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत वर्षानुवर्षं घट्ट होतो, आणि होतो काय, तर पुन्हा चुनखडी! दगडाचा चुना आणि चुन्याचा परत दगड, हा फेरा मला आजही थक्क करतो. पलीकडच्या बीबी का मकबऱ्यातही संगमरवर थोड्याच भागात आहे. बाकीची शुभ्रता गिलाव्याची.

चुन्याला बारीक छिद्रं असतात, म्हणून भिंतीत मुरलेली ओल त्यातून बाहेर पडून सुकते. सिमेंट तिची वाट अडवतं. जुन्या चुन्यावर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, क्षारांचे खडे धरतात आणि पोपडे सुटतात. त्या पोपड्यांबरोबर चित्रंही जातात.

म्हणून जुन्या भिंतीची डागडुजी चुन्यानेच करायची असते. आधी सैल झालेला गिलावा अलगद काढायचा, सांदे ओले करायचे, मग पातळ थर द्यायचा. तो भर उन्हात भरभर वाळू द्यायचा नाही. ओलं गोणपाट लावून सावकाश वाळवायचा, आणि तो पुरता धरल्यावरच पुढचा थर.