घशाशी येते ते कोणते पित्त?

रत्नागिरीत कोणी ‘पित्त झालंय’ म्हटले की घरात आमसुले भिजत पडतात. नेमके काय होते आहे, हे क्वचितच विचारले जाते. छातीतली जळजळ, करपट ढेकर, डोकेदुखी, अंगावर उठलेल्या गांधी, सगळ्यांना आमच्याकडे हा एकच शब्द पुरतो. त्याखाली काय काय झाकले गेले आहे, ते मी इथे पाहणार आहे.

शरीरशास्त्रातले पित्त यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते आणि लहान आतड्यात उतरते. ते हिरवट-पिवळे आणि कडू. जेवून वाकल्यावर घशाशी येते ते बहुधा आंबट असते. ते जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल. जठररसात हे आम्ल असते, हे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ साली प्रसिद्ध केले. आपल्या वैद्यांनी चव त्याच्या कितीतरी आधी ओळखली होती. माधवनिदानात ‘अम्लपित्ता’वर स्वतंत्र अध्याय आहे. बोलण्यात मात्र आपण ‘अम्ल’ गाळले आणि नुसते पित्त ठेवले.

जठरात आम्ल असणे हा आजार नव्हे. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंचे कडे असते. ते अवेळी सैल पडले की आम्ल वर चढते, आणि ते सोसणारे अस्तर अन्ननलिकेला नसते. सुटलेले पोट, गरोदरपण, तेलकट जेवण, तंबाखू ही नेहमीची कारणे. सकाळी रिकाम्या पोटी मिश्री लावणाऱ्या बायका आमच्या खेड्यांत अजून आहेत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच.

आता आमसुलाचे. गांधींवर कोकमाचे पाणी चोळतात, तो विषय निराळा. (गांधी उठवणारे हिस्टामिन जठरातले आम्लही वाढवते, तेव्हा आज्यांचा एकच शब्द अगदीच निराधार नव्हता!) पण कोकम स्वतःच आंबट, जठरातले आम्ल ते मारणार कसे? ज्यांना बरे वाटते त्यांनी खुशाल घ्यावे. सोलकढीने जळजळ वाढत असेल, तर ती औषध म्हणून पिण्यात अर्थ नाही.

फराळाच्या दिवसांत त्याहून उपयोगी म्हणजे झोपण्याआधी तीन तास जेवण उरकणे, डाव्या कुशीवर झोपणे आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली वीतभर विटा लावणे. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडते. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे आपल्या मनाने घेऊ नयेत. घास अडकू लागला, वजन उतरले किंवा शौच काळी झाली, तर डॉक्टरांना गाठावे.

खरी धास्ती वेगळीच आहे. हृदयविकाराचा झटकाही छातीत जळजळल्यासारखा येऊ शकतो, विशेषतः मधुमेहींना आणि बायकांना. दरदरून घाम, दम लागणे, जबड्यात किंवा हातात उतरणारी कळ असेल, तर ‘पित्त असेल’ म्हणत सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन लावावा.