धसका आणि गांजा

 उरवडे हे मुळशी तालुक्यातलं गाव. 7 जून 2021 रोजी उरवड्याच्या रासायनिक कारखान्यात आग लागली. मृतांमध्ये बहुतेक महिला कामगार होत्या. अशा दुर्घटनेनंतर आकडे छापून येतात, मदत जाहीर होते. जे बचावतात त्यांच्या शरीरात पुढे काय चालतं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

चाकण-भोसरीत पॉवर प्रेसमध्ये बोट गेलेल्या कामगाराची जखम भरते. पण काही महिन्यांनीही प्रेसचा ठोका कानावर पडला की छाती धडधडते, तळहातांना घाम फुटतो, हातपाय गळतात, रात्री दचकून जाग येते. ईसीजी नॉर्मल निघतो. घरचे म्हणतात, ‘धसका घेतलाय.’ त्रास महिनाभराहून जास्त टिकला, प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येऊ लागला, तर डॉक्टर पीटीएसडीचा, म्हणजे आघातोत्तर तणावविकाराचा विचार करतात. किल्लारीच्या 1993च्या भूकंपातून वाचलेल्यांची एक पाहणी 1996 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत 59 टक्के जणांना मानसिक विकाराचं निदान झालं होतं. पीटीएसडी आणि नैराश्य त्यात मुख्य.

ही धडधड मनाचा खेळ नव्हे. मेंदूतला अमिग्डाला हा भाग धोक्याची घंटा वाजवतो, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, हृदय पळू लागतं. घंटा थांबवायला मेंदूची स्वतःचीच काही रसायनं मदत करतात. त्यातलं आनंदामाइड 1992 मध्ये सापडलं. गांजातलं टीएचसी ज्या सीबी-1 ग्राहींवर काम करतं, त्याच ग्राहींवर तेही बसतं. 2013च्या एका अमेरिकी अभ्यासात पीटीएसडीच्या रुग्णांमध्ये आनंदामाइड कमी आणि हे ग्राही जास्त आढळले. मग ही कमतरता गांजाने बाहेरून भरून काढता येईल, ही आशा रास्तच होती.

चाचणीत ती टिकली नाही. 2021 मध्ये पीटीएसडी असलेल्या अमेरिकी माजी सैनिकांवर गांजाच्या तीन प्रकारांची प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या नकली मात्रेशी, तुलना झाली. तीन आठवड्यांत सगळ्याच गटांना बरं वाटलं, प्लासिबोच्या गटालाही. गांजा सरस ठरला नाही. टीएचसीसारख्या नाबिलोन या कृत्रिम औषधाने भीतिदायक स्वप्नं कमी झाल्याचं कॅनडात दिसलं, पण ती चाचणी अवघ्या 10 सैनिकांची. शरीराच्या लक्षणांबाबत तर मात्रेचाच पेच आहे. शिकागोत निरोगी लोकांना 7.5 मिलिग्रॅम टीएचसी दिल्यावर तणाव लवकर ओसरला, 12.5 मिलिग्रॅमला अस्वस्थता उलट वाढली. टीएचसीने हृदयाचे ठोकेही वाढतात. जो माणूस धडधडीलाच घाबरतो, त्याच्यासाठी हे औषध किती बेभरवशाचं! शिवाय रोजच्या वापराने सीबी-1 ग्राही घटतात, आणि गांजा सोडला की झोप उडते, स्वप्नं उसळून येतात. रुग्णाला वाटतं, आजारच परतला. तो पुन्हा गांजाकडे वळतो. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाच्या 2023च्या मार्गदर्शक सूचना पीटीएसडीसाठी गांजा देऊ नये, असंच सांगतात.

आपल्याकडे 1985च्या एनडीपीएस कायद्याने गांजा बाळगणं गुन्हा आहे. नुसती पानं मात्र त्या व्याख्येबाहेर आहेत, त्यामुळे ‘विजया’ची, म्हणजे भांगेची, आयुर्वेदिक औषधं चिठ्ठीवर मिळतात. ती परवानगी पीटीएसडीवरच्या गुणाचा पुरावा मानू नये.

ज्यांचा पुरावा भक्कम आहे ते उपचार वेगळे. भीतीच्या आठवणीला प्रशिक्षित तज्ज्ञाच्या सोबतीने टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं, डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर ही उपचारपद्धती, आणि गरजेनुसार सर्ट्रालिनसारखं औषध. सुरुवात करायला टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. पण धडधड घेऊन माणूस आधी फिजिशियनकडे जातो, ईसीजी पाहून ‘काही नाही’ ऐकतो आणि घरी परततो. म्हणून मला वाटतं, अपघातानंतर कामावर रुजू होतानाच्या फिटनेस तपासणीत हाताची पकड पाहतात, तिथेच झोप कशी लागते, आवाजाने दचकायला होतं का आणि मशीनजवळ गेल्यावर छातीत काय होतं, हेही विचारलं जावं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी, आणि त्या भेटीची रजा भरपगारी असावी.